बाळ येणार म्हणून घर साफ करून घेताय?

गादी-सोफ्याच्या सफाईसाठी आम्हाला बोलावणाऱ्यांत बाळाची वाट पाहणारी घरे बरीच असतात. मागणी बहुधा हीच: ॲलर्जीची धूळ पार काढून टाका, म्हणजे मुलाला दमा होणार नाही. यातले पहिले जमत नाही आणि दुसऱ्याची हमी कोणीच देऊ शकत नाही. म्हणून पैसे खर्च करण्याआधी हे पत्रक वाचा.

धुळीतले सूक्ष्म किडे आपल्या अंगावरून झडलेल्या कातडीवर जगतात. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांमुळे. किडे मेले तरी ही प्रथिने गादीतच राहतात. मांजराचे प्रथिन तर कपड्यांना चिकटून, मांजर नसलेल्या घरातही पोचते.

आणि तान्ह्या वयात या गोष्टींचा संपर्क वाईटच, हेही तितके सरळ नाही. अमेरिकेत 2005 मध्ये बाल्टिमोर, बोस्टन, न्यूयॉर्क आणि सेंट लुईस या शहरांत ‘युरेका’ नावाचा अभ्यास सुरू झाला. आई किंवा वडिलांना दमा वा ॲलर्जी असलेली बाळे जन्मापासून तपासत गेले. ज्यांच्या घरच्या धुळीत पहिल्या तीन वर्षांत झुरळ, उंदीर आणि मांजर यांची प्रथिने जास्त होती, त्यांच्यात सातव्या वर्षी दमा कमी आढळला. उलट गरोदरपणी आईच्या शरीरात तंबाखूचा धूर गेल्याची खूण नाळेच्या रक्तात मिळाली, तिथे धोका वाढलेला दिसला. मँचेस्टरमध्ये काही बाळांच्या घरातले किडे मुद्दाम कमी केले होते. तिसऱ्या वर्षी त्यांच्या फुप्फुसांचे काम इतरांपेक्षा चांगले आढळले, पण किड्यांची ॲलर्जी मात्र त्यांच्यातच जास्त निघाली! अशा निकालांवरून ‘दमामुक्त घर’ विकणाऱ्या जाहिरातींवर किती विश्वास ठेवायचा, ते तुम्हीच ठरवा.

याचा अर्थ झुरळे राहू द्यावीत असा नाही. युरेकात संबंध दिसला, कारण सिद्ध झाले नाही. शिवाय झुरळ-उंदरांपासून इतर रोग पसरतात ते वेगळेच. मुलाला दमा झालेला असेल, तर हिशोबच बदलतो. 1997 साली अमेरिकी शहरांतल्या दमेकरी मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झुरळांची ॲलर्जी आणि घरात झुरळांचा भरपूर वावर, असे दोन्ही असलेल्या मुलांना दम्यासाठी रुग्णालयात भरती करण्याची वेळ इतरांच्या तिपटीहून जास्त वेळा आली.

अशा घरी सफाईचा उपयोग होऊ शकतो, पण आधी ॲलर्जी कशाची आहे ते डॉक्टरांकडून ठरवून घ्या. किड्यांची असेल तर गादी-उशीला घट्ट विणीची खोळ घाला, चादरी-अभ्रे दर आठवड्याला 60 अंशांच्या पाण्यात धुवा आणि खोलीतली ओल हटवा. हवेतली आर्द्रता 50 टक्क्यांखाली राहिली की किडे तग धरत नाहीत. नुसती गादी साफ करून बाकीचे तसेच ठेवले तर फारसे हाती लागत नाही, हे आम्ही आमच्याच धंद्याविरुद्ध सांगतो आहोत. औषध किंवा पंप मात्र परस्पर बंद करू नका.

बाळ अजून यायचे असेल, तर आमच्याकडून नेहमीची सफाई पुरे. सुगंधी किंवा जंतुनाशक फवारा मागू नका. त्याने श्वासनलिका चुरचुरते. घरात कोणी सिगारेट ओढत असेल, तर आधी ती बंद करा.

काम नोंदवताना घरात दमेकरी मूल असल्यास तसे सांगा. सफाईच्या वेळी धूळ उडते, म्हणून तेव्हा मुलाला घराबाहेर न्या. ओली केलेली गादी पूर्ण वाळेपर्यंत तिच्यावर चादर घालू नका.