शटडाऊन वेगळं, कर्जमर्यादा वेगळी

ऑक्टोबर २०१३ मध्ये अमेरिकी सरकारपुढे दोन पेच एकाच पंधरवड्यात उभे राहिले. १ तारखेला सरकारी खात्यांची खर्चाची परवानगी संपली आणि कार्यालयांना टाळं लागलं. त्याच सुमारास अर्थखातं बजावत होतं, की १७ तारखेच्या आसपास कर्ज काढण्याची आमची कायदेशीर सोय संपते आहे. अखेर १६ तारखेची मध्यरात्र उलटल्यावर बराक ओबामांनी एका कायद्यावर सही केली आणि त्या एकाच कायद्याने दोन्ही पेच काही महिन्यांपुरते सुटले.

तेव्हापासून या दोन गोष्टी बातम्यांत जोडीने येतात आणि वाचणाऱ्याच्या मनात त्यांची एकच गोष्ट होते: अमेरिकेच्या सरकारकडचे पैसे संपले. प्रत्यक्षात दोन्हींत पैसे संपलेले नसतात. संपलेली असते ती संसदेची परवानगी, आणि त्या परवानग्याही दोन निरनिराळ्या आहेत. एक खर्च करण्याची, दुसरी कर्ज काढण्याची. हा फरक कळला की अमेरिकेतल्या पक्षीय भांडणात खरी भीती कशाची बाळगायची, हेही कळतं. माझ्या मते आपण नेमक्या उलट गोष्टीची जास्त चर्चा करतो.

आधी शटडाऊन. कायद्याने मंजुरी दिल्याशिवाय तिजोरीतून पैसा काढता येणार नाही, असं अमेरिकेच्या राज्यघटनेत पहिल्या अनुच्छेदातच लिहिलं आहे. त्यासाठी दरवर्षी १२ विनियोजन विधेयकं मंजूर व्हावी लागतात. आर्थिक वर्ष १ ऑक्टोबरला सुरू होतं. तोवर विधेयकं झाली नाहीत तर आपल्याकडच्या लेखानुदानासारखी तात्पुरती मंजुरी घेतात, तिला कंटिन्युइंग रिझोल्यूशन म्हणतात. तीही मिळाली नाही, तर शटडाऊन. सगळी विधेयकं मुदतीत मंजूर झाली, असं शेवटचं १९९६ मध्ये घडलं होतं. त्यानंतर तात्पुरती मंजुरी हाच नियम होऊन बसला.

अनेकांना वाटतं की हे पहिल्यापासून असंच चालत आलं आहे. तसं नाही. १९८० पूर्वीही मंजुरीत खंड पडत असे, पण खाती काटकसर करत काम चालू ठेवत. पैसे आज ना उद्या मंजूर होणारच, असं सगळे धरून चालत. एप्रिल १९८० मध्ये तेव्हाचे ॲटर्नी जनरल बेंजामिन सिव्हिलेटी यांनी मत दिलं, की मंजुरी नसताना काम चालू ठेवणं हा कायदेभंग आहे. पुढच्याच महिन्यात फेडरल ट्रेड कमिशन एक दिवस बंद राहिलं. १९८१ च्या जानेवारीत सिव्हिलेटींनी दुसरं मत देऊन माणसांचा जीव आणि मालमत्ता यांच्या रक्षणाची कामं त्यातून वगळली. आज बातम्यांत जी अत्यावश्यक सेवांची यादी येते, तिचा उगम तिथे आहे. म्हणजे शटडाऊन हा प्रकार राज्यघटनेइतका जुना नाही. जुन्या कायद्याचा एका सरकारी वकिलाने लावलेला अर्थ त्याच्या मुळाशी आहे.

आता कर्जमर्यादा. तिचा जन्म पहिल्या महायुद्धातला. १९१७ मध्ये युद्धासाठी रोखे विकायचे होते. प्रत्येक कर्जाला संसदेची वेगळी मंजुरी घेत बसण्यापेक्षा अमुक रकमेपर्यंत अर्थखात्याने आपल्या अखत्यारीत कर्ज काढावं, अशी मुभा देण्यात आली. १९३९ मध्ये जवळजवळ सगळ्या सरकारी कर्जाला मिळून एकच मर्यादा घातली गेली, ४,५०० कोटी डॉलरची. सरकारचं काम सोपं व्हावं म्हणून केलेली ही सोय होती. आज ती मर्यादा ४१.१ लाख कोटी डॉलर आहे, आणि १९६० पासून ती ७५ हून अधिक वेळा वाढवली किंवा बदलली गेली आहे.

इथेच सगळ्यात मोठा गैरसमज होतो. मर्यादा वाढवली म्हणजे सरकारला नवा खर्च करायला मोकळीक मिळाली, असं वाटतं. पण खर्च आणि कर यांचे कायदे संसदेने आधीच केलेले असतात आणि त्यांतली तूटही त्यातच ठरून गेलेली असते. मर्यादा वाढते ती ती तूट भरून काढण्यासाठी. घरच्या हिशेबात सांगायचं तर पुढच्या महिन्याचा किराणा कोणता आणायचा यावर घरात एकमत होत नाही, ते शटडाऊन. आणलेल्या आणि खाऊन संपलेल्या किराण्याची उधारी वाण्याला द्यायची की नाही यावर भांडण होतं, ती कर्जमर्यादा. पहिलं भांडण रास्त आहे. लोकशाहीत कशावर खर्च करायचा यावर वाद व्हायलाच हवा. दुसऱ्या भांडणाचं समर्थन मला कोणत्याही बाजूने करता येत नाही.

परिणामांच्या बाबतीत तर दोन्ही गोष्टी एकमेकींच्या अगदी उलट आहेत. शटडाऊनमध्ये वृद्धांचं सोशल सिक्युरिटीचं पेन्शन चालू राहतं, कारण त्याला दरवर्षी नवी मंजुरी लागत नाही. मेडिकेअर हा वृद्धांचा आरोग्यविमा चालू राहतो. सरकारी कर्जावरचं व्याजही ठरल्या दिवशी दिलं जातं. बंद पडतात ती वार्षिक मंजुरीवर चालणारी खाती. उलट कर्जमर्यादा खरोखरच आड आली, तर कार्यालयं उघडी राहतील, कर्मचारी कामावर येतील, खर्चाची मंजुरीही असेल. पण तिजोरीत येणारा कर देण्यांपेक्षा कमी पडेल. मग पेन्शन, सैनिकांचे पगार, रुग्णालयांची बिलं, रोख्यांवरचं व्याज, यांतलं काहीही थकू शकेल. अर्थखातं वर्षाला १०० कोटींहून अधिक देणी चुकती करतं आणि ज्याची तारीख आली ते दे, अशाच पद्धतीने त्याची यंत्रणा बांधलेली आहे. कोणाला आधी आणि कोणाला नंतर, हे ठरवण्याचा स्पष्ट अधिकार कोणत्याही कायद्याने त्याला दिलेला नाही.

तारखांचंही तसंच. शटडाऊनचा क्षण पक्का असतो. मुदत संपली त्या मध्यरात्री ते सुरू होतं. कर्जमर्यादा गाठली गेली तरी त्या दिवशी काहीच घडत नाही. १९ जानेवारी २०२३ रोजी ३१.४ लाख कोटी डॉलरची मर्यादा गाठली गेली, तेव्हा अर्थमंत्री जॅनेट येलेन यांनी सरकारी कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिनिधीतली नवी गुंतवणूक थांबवण्यासारखे हिशेबी उपाय सुरू केले. असे उपाय काही महिने पुरतात. ते संपण्याच्या दिवसाला एक्स-डेट म्हणतात आणि तो फक्त अंदाज असतो. येलेन यांनी आधी १ जून सांगितला, मग ५ जून. जो बायडेन यांची सही झाली ३ जूनला. जगातली सर्वात मोठी अर्थव्यवस्था आपली देणी थकवण्यापासून दोन दिवसांच्या अंतरावर येऊन थांबली होती.

पण शटडाऊन किरकोळ आहे असं म्हणायचा माझा हेतू मुळीच नाही. २२ डिसेंबर २०१८ ते २५ जानेवारी २०१९ हे ३५ दिवस पाहा. मेक्सिकोच्या सीमेवर भिंत बांधायला डोनाल्ड ट्रम्प यांना ५७० कोटी डॉलर हवे होते. संरक्षण खात्याचं विधेयक आधीच मंजूर झालेलं असल्याने सैन्याचे पगार होत राहिले. पण तटरक्षक दल गृहसुरक्षा खात्याखाली येतं आणि त्या खात्याचं विधेयक अडकलं होतं. समुद्रावर गस्त घालणाऱ्या त्या जवानांचा जानेवारीचा पगार झाला नाही. सुमारे ८ लाख सरकारी कर्मचारी या काळात एकतर बिनपगारी काम करत होते किंवा सक्तीने घरी बसले होते. शेवटच्या दिवशी हवाई वाहतूक नियंत्रकांची संख्या इतकी कमी पडली, की न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळाकडे येणारी विमानं काही वेळ रोखून धरावी लागली. त्याच दिवशी तोडगा निघाला, भिंतीच्या पैशांशिवाय. संसदेच्या अंदाजपत्रक कार्यालयाच्या हिशेबाने त्या ३५ दिवसांत अर्थव्यवस्थेचं १,१०० कोटी डॉलरचं उत्पादन घटलं आणि त्यातलं ३०० कोटींचं कायमचं गेलं.

त्याच वर्षी कायदा झाला, की शटडाऊन संपल्यावर केंद्रीय कर्मचाऱ्यांना थकलेला पगार मिळेल. हा कायदा योग्यच होता, पण त्यात सरकारी इमारतींमध्ये झाडलोट करणारे, पहारा देणारे, उपाहारगृह चालवणारे कंत्राटी कामगार नाहीत. त्यांचे दिवस बुडाले ते बुडालेच. शटडाऊनचा सगळ्यात निर्दय भाग मला हाच वाटतो, आणि त्याच्याबद्दल फार थोडं लिहिलं जातं. २०२५ च्या शटडाऊनमध्ये आणखी एक गट भरडला गेला. अन्नसाहाय्याची योजना हक्काची असली तरी तिचे पैसे वार्षिक विधेयकातून येतात. सुमारे ४.२ कोटी लोक तिच्यावर अवलंबून आहेत, आणि नोव्हेंबर उजाडला तरी त्यांच्या खात्यात पैसे वेळेवर आले नाहीत. प्रकरण न्यायालयात गेलं.

कर्जमर्यादा ओलांडून देणी थकल्याचं असं उदाहरण मला देता येत नाही, कारण तिथवर गोष्ट कधी गेलेली नाही. तरी नुकसान झालंच आहे. २०११ मध्ये ओबामा आणि प्रतिनिधीगृह या संसदेच्या कनिष्ठ सभागृहातलं रिपब्लिकन बहुमत यांच्यातली ओढाताण २ ऑगस्टपर्यंत, म्हणजे शेवटच्या दिवसापर्यंत चालली. तीन दिवसांनी स्टँडर्ड अँड पुअर्स या संस्थेने अमेरिकेचं सर्वोच्च पतमानांकन इतिहासात पहिल्यांदाच उतरवलं. नुसत्या त्या ताणामुळे सरकारला त्या वर्षी सुमारे १३० कोटी डॉलर जास्त व्याज भरावं लागलं, असा सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाचा अंदाज आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये फिच या दुसऱ्या संस्थेनेही मानांकन खाली आणलं, आणि तिने दिलेल्या कारणांमध्ये कर्जमर्यादेवरचे वारंवारचे पेच होते.

यात दोष एकाच पक्षाचा आहे असं म्हणता येत नाही. २००६ मध्ये जॉर्ज बुश अध्यक्ष असताना मर्यादा वाढवण्याच्या विरोधात सिनेट या वरिष्ठ सभागृहातल्या डेमोक्रॅट्सनी मत दिलं, त्यात सिनेटर ओबामा होते. पुढे अध्यक्ष झाल्यावर त्यांनी त्या मताबद्दल खेद व्यक्त केला. मात्र तेव्हा ते मत निषेधाचं होतं. मर्यादा अडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. २०११ मध्ये आणि पुन्हा २०२३ मध्ये, देणी थकवण्याच्या धमकीवर सवलती मिळवायच्या हे प्रतिनिधीगृहातल्या रिपब्लिकन पक्षाचं उघड धोरण होतं. दोन्ही पक्षांना एकाच मापाने मोजण्याच्या नादात हा फरक पुसू नये.

दोन्हींची सुटका करण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत, आणि २०२५ ने ते स्वच्छ दाखवलं. सिनेटच्या १०० सदस्यांपैकी ६० जणांची संमती असल्याशिवाय विनियोजन विधेयकावरची चर्चा संपवता येत नाही. कर्जमर्यादा मात्र रिकन्सिलिएशन नावाच्या खास प्रक्रियेतून साध्या बहुमताने वाढवता येते. जुलै २०२५ मध्ये रिपब्लिकन पक्षाने आपल्या मोठ्या करविधेयकात मर्यादा ५ लाख कोटी डॉलरने वाढवली. सिनेटमध्ये ५०-५० अशी बरोबरी झाली, उपाध्यक्ष जे. डी. व्हान्स यांनी निर्णायक मत दिलं आणि डेमोक्रॅट्सच्या एकाही मताची गरज पडली नाही. तीनच महिन्यांनी तोच पक्ष, तोच अध्यक्ष, तीच दोन्ही सभागृहं हातात असताना सरकार बंद पडलं. सिनेटमध्ये त्यांचे ५३ होते आणि हवे होते ६०. ओबामाकेअर या आरोग्यविम्याच्या कायद्याखालच्या वाढीव सवलती वर्षाअखेरीस संपणार होत्या. त्या चालू ठेवा, अशी डेमोक्रॅट्सची अट होती. डझनाहून अधिक वेळा मतदान होऊन विधेयक अडलं. ४३ दिवसांनी, १२ नोव्हेंबरला रात्री, हे शटडाऊन संपलं. तोवरचं ते सर्वात लांबलेलं. डेमोक्रॅट्सच्या बाजूचे आठ सिनेटर पलीकडे गेले, सवलतींवर मतदान घेण्याच्या आश्वासनावर.

भारतात असं का होत नाही, असा प्रश्न इथे हमखास विचारला जातो. आपल्याकडे विनियोजन विधेयक लोकसभेत पडलं तर सरकारच पडतं, आणि राज्यसभा असं धनविधेयक १४ दिवसांपेक्षा जास्त रोखू शकत नाही. अमेरिकेत अध्यक्ष, प्रतिनिधीगृह आणि सिनेट वेगवेगळे निवडून येतात. एकाने नकार दिला म्हणून दुसऱ्याला घरी जावं लागत नाही. म्हणून कोंडी होते आणि टिकते.

मुलगा किंवा सून न्यू जर्सीत, टेक्सासात नोकरीला असलेल्या मराठी घरांना हा फरक व्यवहारातही लागतो. शटडाऊनमध्ये मुंबईतल्या अमेरिकी वाणिज्य दूतावासाचं व्हिसाचं काम बहुतांशी चालू राहतं, कारण ते शुल्काच्या पैशावर चालतं. नागरिकत्व आणि इमिग्रेशनचं कार्यालयही त्याच कारणाने चालू असतं. पण एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या अर्जाआधी कामगार खात्याकडून पगाराबाबत जो दाखला लागतो, तो वार्षिक मंजुरीच्या पैशातून दिला जातो. २०२५ मध्ये हे काम ऑक्टोबरभर जवळजवळ ठप्प होतं आणि नोकरी बदलू पाहणारे अडकले. कर्जमर्यादेचा धोका व्हिसाच्या खिडकीवर दिसणार नाही. तो रिझर्व्ह बँकेच्या ताळेबंदात दिसेल, कारण आपल्या परकीय गंगाजळीचा मोठा भाग अमेरिकी सरकारच्या रोख्यांत आहे.

तात्पुरती मंजुरी संपण्याच्या तारखा यापुढेही येत राहतील आणि दरवेळी टीव्हीवर उलटी गणती लागेल. ४१.१ लाख कोटींची मर्यादा मात्र बहुधा नोव्हेंबर २०२६ मध्ये निवडून येणाऱ्या प्रतिनिधीगृहाच्या काळात गाठली जाईल. ते सभागृह विरोधी पक्षाकडे गेलं, तर जुलै २०२५ मधली साध्या बहुमताची वाट सत्ताधाऱ्यांना मिळणार नाही.