विझलेल्या दिव्याचा अर्थ

२८ मार्च १९७९, पहाटे ४ वाजता अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात पाणी पुरवणारे पंप बंद पडले. अणुभट्टी ठरल्याप्रमाणे आपोआप थांबली. वाढलेला दाब सोडायला एक झडप उघडली. दाब उतरल्यावर ती मिटायला हवी होती, पण अडकली. नियंत्रण खोलीतल्या फलकावरचा तिचा दिवा मात्र विझला.

दिवा विझला म्हणजे झडप मिटली, असंच कोणीही समजेल. पण तो दिवा झडपेच्या खऱ्या स्थितीशी जोडलेलाच नव्हता. ‘बंद हो’ असा हुकूम सुटला की तो विझायचा. हुकूम पाळला गेला की नाही, हे त्याला ठाऊकच नसायचं. घरच्या कुकरची शिट्टी अडकली तर वाफ दिसते, आवाज येतो. इथे भट्टीला थंड ठेवणारं पाणी त्या अडकलेल्या झडपेतून भिंतींपलीकडे निसटत होतं. भट्टीच्या गाभ्यात, म्हणजे जिथे अणुइंधन असतं तिथे, पाणी किती उरलंय हे थेट दाखवणारं मापकही नव्हतं. पहिल्या काही मिनिटांतच शंभराहून अधिक धोक्याचे इशारे एकदम सुरू झाले. त्यातला महत्त्वाचा कोणता हे कसं ओळखायचं? पाणी जास्त झालंय असं वाटून चालकांनी उलट आणीबाणीचं पाणी कमी केलं. झडप दोन तासांहून जास्त वेळ उघडी राहिली आणि गाभ्याचा जवळपास निम्मा भाग वितळला.

चालकांच्या प्रशिक्षणात त्रुटी होत्या, हे खरंच. पण त्यांना निव्वळ निष्काळजी म्हणणं मला अन्यायाचं वाटतं. त्यांनी दिव्यावर विश्वास ठेवला, आणि दिवा असतो तो त्यासाठीच.

आज वडापावच्या गाडीवरचा ‘इतके रुपये मिळाले’ असं बोलणारा छोटा स्पीकर पाहिला की मला हा दिवा आठवतो. गिऱ्हाइकाने पैसे पाठवले एवढ्यावर तो बोलत नाही. व्यवहार पूर्ण झाल्याची खबर सर्व्हरकडून आली की बोलतो. विक्रेत्याचे हात पिठात, नजर कढईवर, म्हणून निरोप कानांवाटे. फार विचारपूर्वक केलेली रचना आहे ही. पण गाडीवाल्याला ऐकू येत नसेल तर? आपल्या मतदान यंत्रावर बटण दाबलं की चिन्हाशेजारी लाल दिवा लागतो, लांब ‘बीप’ही वाजतो आणि बटणांजवळ ब्रेलमध्ये क्रमांक असतात. त्या स्पीकरवरही दुरून वाचता येईल असा ठळक आकडा उमटायला हवा.