बोटीवरचे नियम आले कुठून?

मराठवाड्याला समुद्र नाही, पण जायकवाडी धरणाचा जलाशय, नाथसागर आहे. १८ ऑक्टोबर १९६५ रोजी लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली. १९७६ मध्ये धरण राष्ट्राला अर्पण झालं आणि पैठणच्या वर गोदावरी जिकडे बघावं तिकडे पसरली. एवढं उघडं पाणी आपल्या भागाला नवंच. जलाशय उथळ, त्यामुळे वारा सुटला की लाटा आखूड आणि उभ्या उठतात.

आता इकडची मंडळी मुंबई-गोव्याला जाऊन यॉट भाड्यानं घेतात. निघण्याआधी तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख खलाशी, लाइफ जॅकेट, अग्निशामक, बसायच्या जागा समजावून सांगतो, तेव्हा निम्मे पाहुणे फोटोत गुंतलेले असतात. हे फार खटकतं, कारण यातल्या बऱ्याच सूचनांमागे कुणाचा तरी जीव गेलेला आहे.

इंग्लंडच्या बचावनौका संस्थेतल्या कॅप्टन वॉर्ड यांनी १८५४ मध्ये बुचाच्या लाकडाचं जॅकेट तयार केलं. ते जाडजूड होतं, वल्ही मारताना अडचणीचं वाटे. फेब्रुवारी १८६१ मध्ये व्हिट्बीला वादळात बचावनौकाच उलटली. तेरांपैकी बारा खलाशी बुडाले. वाचला तो हेन्री फ्रीमन. नवं जॅकेट एकट्याच्याच अंगावर होतं.

टायटॅनिकवर माणसं सुमारे २,२००, जीवरक्षक नौकांत जागा १,१७८ जणांना. तरी कायदा मोडला नव्हता, कारण नौकांची संख्या जहाजाच्या टनांवर ठरायची, माणसांवर नाही. १९१२ च्या त्या दुर्घटनेनंतर, १९१४ मध्ये समुद्री सुरक्षेचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला.

आपल्याकडे नदी-तलावांतल्या यांत्रिक बोटींना १९१७ चा कायदा थेट २०२१ पर्यंत पुरला. दरम्यान २००९ मध्ये केरळात थेक्कडीला बोट उलटून ४५ पर्यटक बुडाले. जानेवारी २०२४ मध्ये वडोदऱ्याच्या हरणी तलावात सहलीची बोट उलटून १२ विद्यार्थी आणि २ शिक्षिका गेल्या; अनेक मुलांना जॅकेटच दिलेलं नव्हतं. त्याच वर्षी डिसेंबरात मुंबईत गेटवेजवळ नौदलाची स्पीडबोट प्रवासी बोटीवर आदळली.

बाकाखाली ठेवलेलं जॅकेट पाण्यात पडल्यावर घालता येत नाही. ते निघण्याआधीच घालावं, पट्टे आवळावेत आणि खांद्याला धरून वर ओढून पाहावं. कानापर्यंत सरकलं तर ते ढिलं आहे. लहान मुलांना मोठ्यांचं जॅकेट मुळीच चालत नाही.

२०२१ मध्ये त्याच्या जागी आलेल्या कायद्यात बिनइंजिनाच्या होड्यांसाठीही स्वतंत्र प्रकरण आहे आणि ती जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपवण्याची तरतूद आहे. म्हणजे नाथसागराकाठी वल्ह्याच्या होडीत पोरं बसवली, तर जॅकेटांचा जाब आपल्याच नगरपरिषदेला, ग्रामपंचायतीला विचारता आला पाहिजे.