उद्याच्या तारखेत दडलेली नावं

बॉटनेट म्हणजे मालवेअरने, अर्थात घातक सॉफ्टवेअरने, ताब्यात घेतलेल्या संगणकांचं जाळं. ते मोडायचं तर त्याला हुकूम देणारा सर्व्हर गाठायचा, ही जुनी रीत. मालवेअर शिरलेले हजारो संगणक ठरलेल्या पत्त्यावर जाऊन पुढचं काम विचारतात. हा पत्ता बहुधा एखादं डोमेन नाव असतो. ते नाव काढून घेतलं की संगणक बाधितच राहतात, पण त्यांना कामाला लावणारं कोणी उरत नाही. 2008 च्या नोव्हेंबरात पसरू लागलेल्या कॉनफिकर या मालवेअरने ही रीतच निकामी करायला घेतली.

त्याच्या पोटात पत्ता नव्हता, गणित होतं. आजची तारीख घालून आकडेमोड केली की 250 डोमेन नावं तयार होत. नुसती अक्षरांची खिचडी आणि शेवटी डॉट कॉम, डॉट नेट किंवा डॉट ऑर्गसारखं शेपूट. बाधित संगणक ती नावं विचारून बघायचा. हल्लेखोराने त्यातलं एखादंच विकत घेऊन तिथे फाइल ठेवली तरी पुरे. उद्या नवी 250 नावं. संगणकाचं घड्याळ पुढेमागे करूनही उपयोग नव्हता, कारण कॉनफिकर तारीख गूगल, याहू अशा मोठ्या संकेतस्थळांकडून घ्यायचा.

पण हे गणित पंचांगासारखंच. रीत ठाऊक असली की पुढच्या वर्षीची तिथी आजही काढता येते. संशोधकांनी कॉनफिकरचा कोड उलगडला, येणाऱ्या दिवसांची नावं आधीच काढली आणि ती स्वतःच नोंदवायला सुरुवात केली. काहींनी त्यासाठी पदरचे पैसे घातले. मग बाधित संगणक हुकूम मागायला आले, ते थेट संशोधकांच्या सर्व्हरवर. या सापळ्याला सिंकहोल म्हणतात. कोणत्या देशातले, कोणत्या नेटवर्कमधले संगणक बाधित आहेत, हे त्यातून दिसू लागलं.

मग तिथूनच ‘स्वतःला पुसून टाक’ असा हुकूम का नाही दिला? कॉनफिकर फाइलवरची डिजिटल सही तपासायचा आणि ती करायची गुप्त किल्ली फक्त त्याच्या कर्त्यांकडे होती. शिवाय परक्याच्या संगणकात न विचारता फेरफार करणं कायद्यातही बसत नाही. त्यामुळे संशोधकांना ऐकता येत होतं, बोलता येत नव्हतं.

कर्तेही स्वस्थ बसले नाहीत. 2009 च्या मार्चमध्ये आलेल्या नव्या आवृत्तीत 1 एप्रिलपासून रोज 50,000 नावं निघणार होती, तीही 110 शेपटांची आणि बहुतेक वेगवेगळ्या देशांची. प्रत्येक संगणक त्यातली कोणतीही 500 निवडणार होता. इतकी नावं विकत घेणं कोणालाच शक्य नव्हतं. पण तोवर मायक्रोसॉफ्ट, सुरक्षा कंपन्या, संशोधक आणि जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था पाहणारी आयकॅन ही संस्था यांचा संयुक्त गट उभा राहिला होता. त्यांनी देशोदेशींच्या डोमेन नोंदणी संस्थांना याद्या पाठवल्या आणि ही नावं कोणाला देऊ नका, अशी विनंती केली. काही आठवड्यांत एवढ्या देशांना एका कामाला लावणं, हे मला या प्रकरणातलं सगळ्यात मोठं यश वाटतं.

1 एप्रिलला काहीच घडलं नाही. उगाच बाऊ केला, असं अनेकांनी म्हटलं. ते या माणसांवर अन्याय करणारं होतं. अर्थात विजयही पुरा नव्हता. बाधित संगणकांना एकमेकांकडूनही फाइल घेता येत होती. त्याच महिन्यात त्या वाटेने स्पॅम पाठवणारं मालवेअर आणि खोटा अँटिव्हायरस पोचलाच.

या सगळ्याची हळहळ वाटते, कारण विंडोजमधली मूळ फट बुजवणारं अपडेट 23 ऑक्टोबर 2008 लाच आलं होतं. ते न घेतलेल्या संगणकांतून कॉनफिकर पसरला, पुढे पेन ड्राइव्हमधूनही. पेन ड्राइव्ह लावला की येणाऱ्या चौकटीत नेहमीच्या फोल्डरचंच चित्र आणि ‘फोल्डर उघडा’ अशाच अर्थाची ओळ दिसायची. मात्र ती ओळ ‘प्रोग्राम चालवा’ या मथळ्याखाली असायची. मथळा कोण वाचतं? क्लिक केलं की कॉनफिकर आत.

भारतात अशा बाधित संगणकांचा माग काढून त्यांच्या मालकांना सावध करण्यासाठी सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी संस्थेने 2017 मध्ये सायबर स्वच्छता केंद्र सुरू केलं. तिथे मोफत मिळणाऱ्या सफाईच्या साधनांत पुण्याच्या क्विक हीलचंही साधन आहे. केंद्राच्या नावाने मेसेज आला तर त्यातल्या लिंकवर बोट ठेवू नका. ब्राउझरमध्ये केंद्राचा पत्ता स्वतः टाइप करा आणि साधन तिथूनच उतरवून घ्या.