उच्च रक्तदाबातील इको तपासणी

श्राव्यातीत ध्वनिलहरींच्या साहाय्याने, शरीरात सुई किंवा नळी न घालता हृदयाची रचना व कार्य मोजण्याची पद्धत. बोलीत ‘टू-डी इको’. १९५३ मध्ये स्वीडनमधील लुंड येथे इंगे एडलर आणि हेल्मुथ हर्ट्झ यांनी धातूतील दोष शोधण्याचे यंत्र छातीवर ठेवून हृदयाच्या हालचालीची पहिली नोंद घेतली.

वाढलेल्या दाबाविरुद्ध रक्त ढकलताना डाव्या जवनिकेची, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्याची, भिंत जाड होते. अशी भिंत बरीच वर्षे जोमाने आकुंचन पावते. बिघडते ते तिचे सैल पडणे. म्हणून प्रत्येक ठोक्याला जवनिकेतील किती टक्के रक्त बाहेर पडते हे सांगणारा ‘ईएफ’चा आकडा दीर्घकाळ चांगला राहतो. ‘ईएफ ६० टक्के’ वाचून घरचे निर्धास्त होतात, पण दम लागण्याचे कारण अनेकदा या आकड्यात नसतेच.

ते डॉप्लरने, म्हणजे ध्वनिलहरींवरून रक्ताचा वेग मोजणाऱ्या तंत्राने, शोधावे लागते. झडपेतून जवनिकेत येणाऱ्या रक्ताच्या दोन लाटा दिसतात : आरंभीची ‘ई’ आणि अलिंदाच्या (वरच्या कप्प्याच्या) आकुंचनाने येणारी ‘ए’. तरुण, निरोगी हृदयात ‘ई’ मोठी असते. सैल पडणे मंदावले की ‘ए’ वरचढ होते. मात्र आजार आणखी बळावून अलिंदातील दाब चढला की ‘ई’ पुन्हा उंचावते आणि आलेख निरोगी भासतो. हा फसवा टप्पा ओळखण्यासाठी झडपेच्या कड्याचा वेग, म्हणजे ‘ई-प्राइम’, मोजतात. तो दोन जवनिकांमधील पडद्याच्या बाजूला सेकंदाला ७ सेंमी. आणि बाहेरच्या बाजूला १० सेंमी. यांहून कमी असणे मंद शिथिलनाचे लक्षण होय. ‘ई’ला सरासरी ई-प्राइमने भागून १४ पेक्षा जास्त आल्यास भरणदाब, म्हणजे जवनिका भरतानाचा आतील दाब, वाढल्याची शंका बळावते. वयानुसार ई-प्राइम घटतोच, त्यामुळे एकाच आकड्यावरून निदान करू नये. शरीराच्या दर चौ.मी. पृष्ठभागामागे ३४ मिलि.हून मोठे झालेले डावे अलिंद दीर्घकाळच्या दाबाची साक्ष देते.

जवनिकेचे वस्तुमान दर चौ.मी.ला पुरुषांत ११५ ग्रॅ. व स्त्रियांत ९५ ग्रॅ.हून अधिक भरल्यास ती अतिवृद्धी मानतात. सूत्रात मापांचा घन करावा लागत असल्याने एखाद्या मिलिमीटरची चूकही निष्कर्ष बदलू शकते. ईसीजी स्वस्त आहे, पण पुष्कळ रुग्णांतील अतिवृद्धी त्यात दिसत नाही.

अलीकडे स्नायूचे लांबीच्या दिशेने होणारे आकुंचन, ‘स्ट्रेन’, मोजतात. ईएफ शाबूत असतानाही ते घटलेले आढळते. छातीतून सौम्य विद्युत्‌प्रवाह सोडून हृदयाच्या रक्तक्षेपणाचा अंदाज घेण्याची पद्धतही आहे, परंतु तिच्यात भिंती दिसत नाहीत.

उपचारांनी जाडी कमी होऊ शकते. म्हणून जुना अहवाल जपावा. आणि तपासणीच्या वेळचा रक्तदाब अहवालावर लिहिलेला असावा, कारण यांतील बरीच मापे त्या क्षणीच्या दाबाबरोबर बदलतात.