शनिवारचा स्लॅब मंगळवारी का?

‘शनिवारी स्लॅब टाकू,’ असं ठेकेदार सांगतो तेव्हा तो खोटं बोलत नसतो. सळई बांधणारा फिटर, पाइप टाकणारा इलेक्ट्रिशियन, प्लंबर, आरएमसी (तयार काँक्रीट पुरवणारा) प्लांट आणि ते वर चढवणारा पंपवाला, पाचही जणांनी त्याला शनिवारचा शब्द दिलेला असतो. समजा, प्रत्येक जण दहापैकी आठ वेळा शब्द पाळतो. मग स्लॅब शनिवारी होण्याची शक्यता ८० टक्के? नाही. पाचही जण एकाच दिवशी जमायला हवेत. प्रत्येकाची अडचण वेगळी धरली तर ०.८ ला पाच वेळा गुणायचं, उत्तर येतं जेमतेम ३३ टक्के. एकटा प्लंबर अडला तरी बाकीचे चौघे बिड्या ओढत बसणार.

आणखी एक गोम आहे. फिटर गुरुवारीच मोकळा झाला तरी पंप शनिवारीच येणार. वाचलेला वेळ जिथल्या तिथे जिरतो, उशीर मात्र पुढच्या कामाच्या गळ्यात पडतो.

अमेरिकी नौदलाने पोलॅरिस क्षेपणास्त्राच्या कामासाठी १९५८च्या सुमारास ‘पर्ट’ ही पद्धत काढली. तिच्यात प्रत्येक कामाला एक नव्हे, तीन अंदाज विचारतात. सगळं सुरळीत झालं तर ६ दिवस, बहुधा ८, फारच बिनसलं तर १६. मधल्या अंदाजाला चौपट वजन देऊन बेरीज करायची आणि सहाने भागायचं: ९ दिवस. ठेकेदार सांगतो ८. असे वीस मजले एकामागून एक चढवले, तर कुणाचीही चूक नसताना वीस दिवस गेले! मात्र पाच जण एकत्र जमण्याची वर सांगितलेली अडचण पर्टच्या सरासरीतही नीट पकडली जात नाही. त्यासाठी संगणकावर तेच वेळापत्रक हजारो वेळा फासे टाकून चालवून बघतात.

‘फारच बिनसलं तर’ म्हणजे किती बिनसू शकतं, हे कोकण रेल्वेने दाखवलं. काम १९९०मध्ये सुरू झालं, सलग गाडी धावली १९९८मध्ये. सह्याद्रीचा कातळ फोडणं परवडलं. गोव्यात पेडण्याच्या बोगद्यातल्या पाण्याने भिजलेल्या मातीने छळलं. खणावं की ढासळावं.

ग्लेन बॅलर्ड आणि ग्रेग हॉवेल या बांधकाम-नियोजनाच्या अभ्यासकांनी १९९०च्या दशकात बांधकामांवर आठवड्याचे वायदे मोजले, तेव्हा निम्म्याहून थोडेच जास्त पाळले जात होते. त्यांचा तोडगा मला पटतो: ‘कधी होईल?’ विचारण्याआधी मुकादमाला ‘काय अडलंय?’ विचारायचं. ड्रॉइंग आलं का, सळई आली का? अडसर निघाल्याशिवाय तारीख द्यायचीच नाही.

राखीव दिवसही प्रत्येक कामात चिमूट-चिमूट पेरले की जिरून जातात. ते एकत्र ठेवावेत, तेही योग्य जागी. आपल्याकडे पाया मे अखेरीस दहा दिवस रखडला, तर खड्ड्यात पाणी भरतं आणि काम दसऱ्यापर्यंत लोंबकळू शकतं. म्हणून ती शिल्लक जूनच्या अलीकडे हवी.