‘ए’ की ‘यूए’? सेन्सॉर सर्टिफिकेट, थिएटरमधली वयाची अट आणि अर्जाची कागदपत्रं

थिएटरच्या दाराशी सर्वाधिक वाद होतात ते ‘ए’ आणि ‘यूए’ यांच्यातल्या गोंधळातून. ‘ए’ चित्रपटाला १८ वर्षं पूर्ण झालेल्यांनाच प्रवेश आहे. सोबत आई-बाबा आहेत, त्यांची हरकत नाही, तिकीट आधीच काढलंय, यातलं काहीही चालत नाही. सिनेमॅटोग्राफ कायदा, १९५२ च्या कलम ७ नुसार अल्पवयीनाला असा चित्रपट दाखवणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. पोलिसांना थिएटरमध्ये शिरून चित्रपट जप्तही करता येतो. त्यामुळे डोअरकीपरनं ओळखपत्र मागितलं तर त्याच्यावर चिडू नका. फोटो आणि जन्मतारीख दोन्ही असलेलं आधार, पासपोर्ट किंवा लायसन्स जवळ ठेवा. विशीतल्या पण कोवळ्या दिसणाऱ्यांनी तर नक्कीच!

‘यूए’चं तसं नाही. २०२३ च्या दुरुस्तीनं त्याचे यूए ७+, यूए १३+ आणि यूए १६+ असे तीन भाग झाले. हे आकडे पालकांसाठी सूचना म्हणून आहेत. मुलाला चित्रपट दाखवायचा की नाही हे पालकांनीच ठरवायचं, इतर कोणालाही ती अट लादता येत नाही, असं कायदाच म्हणतो. माझ्या मते हे योग्यच आहे, पण पालक ते आकडे वाचतात का, हा प्रश्न उरतोच. ‘यू’ सर्वांसाठी, तर ‘एस’ डॉक्टरांसारख्या विशिष्ट व्यावसायिकांसाठी. हे प्रमाणपत्र क्वचितच दिसतं.

आता निर्मात्याच्या बाजूनं. अर्ज केंद्रीय चित्रपट प्रमाणन मंडळाकडे, ई-सिनेप्रमाण पोर्टलवर ऑनलाइन करायचा. मंडळाचं मुख्यालय मुंबईत आहे आणि देशभरात ९ प्रादेशिक कार्यालयं आहेत. सध्या २०२४ चे प्रमाणन नियम लागू आहेत. अर्जासोबत कथासार, श्रेयनामावली, संवाद आणि गाण्यांची संहिता, शुल्क भरल्याचा पुरावा आणि चित्रपटाची अंतिम प्रत लागते. इथे ‘अंतिम’ म्हणजे खरोखरच अंतिम. पार्श्वसंगीत अर्धवट असलेली प्रत घेऊन जाण्यात अर्थ नाही, कारण प्रमाणपत्रानंतर काही बदललं तर ते मंडळाला कळवून नोंद करून घ्यावं लागतं.

अडतं बहुधा दोन ठिकाणी. पडद्यावर प्राणी असतील, अगदी बैलगाडीचे बैल असले तरी, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची परवानगी लागते. शूटिंग उरकल्यावर त्यासाठी धावाधाव करण्यापेक्षा आधीच अर्ज केलेला बरा. दुसरं, तंबाखू. सिगारेट ओढतानाचं दृश्य असेल तर सुरुवातीला आणि मध्यंतरानंतर ३० सेकंदांची आरोग्यविषयक फिल्म, शिवाय त्या दृश्याखाली ठळक इशारा हवाच. ट्रेलरसाठी वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं.

परीक्षण समिती चित्रपट पाहते आणि वर्ग किंवा कट सुचवते. निर्मात्याला बाजू मांडता येते. पटलं नाही तर पुनरीक्षण समिती आहे. त्यानंतरचं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं, त्यामुळे आता थेट उच्च न्यायालय. छोट्या निर्मात्याला हा रस्ता खर्चिक पडतो, म्हणून बरेच जण कट मान्य करून ‘यूए’ घेतात. ‘ए’ चित्रपट टीव्हीवर तसाच दाखवता येत नाही, हेही त्यामागचं एक कारण. टीव्हीसाठी कापलेली आवृत्ती पुन्हा मंडळाकडे न्यावी लागते. प्रमाणपत्र मिळालं की ते आता कायमचं. पूर्वीची १० वर्षांची मुदत २०२३ मध्ये गेली.

एखादं थिएटर ‘ए’ चित्रपटाला सर्रास मुलं सोडत असेल तर प्रमाणन मंडळाला पत्र लिहून फारसं काही होत नाही. मंडळ प्रमाणपत्र देतं, अंमलबजावणी राज्याकडे असते. तक्रार पोलिसांकडे करा. थिएटरचं नाव, तारीख, खेळाची वेळ आणि तिकिटाचा फोटो जोडा. ओटीटीवरचे वयाचे आकडे मात्र मंडळाचे नसतात. ते २०२१ च्या आयटी नियमांनुसार प्लॅटफॉर्म स्वतःच लावतात, त्यामुळे त्यांची तक्रार आधी त्या प्लॅटफॉर्मच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे करायची.